विचारा बिनधास्त: लाँच, आकाशपाळणा आणि मे महिना

मागच्या अंकात आम्ही सहज लिहिलं होतं की लहानपणीच्या सुट्टीतल्या पाळण्यांच्या, राइड्सच्या आठवणी पाठवा आणि त्यातून काही विचारायचं असेल तर तेही विचारा. वाटलं होतं चार-पाच पत्रं येतील. पण मेल, व्हॉट्सअ‍ॅप, आणि चक्क दोन आंतरदेशीय पत्रंसुद्धा आली. सगळी छापणं शक्य नाही, काही निवडलीत आणि तीही जरा कापलीत, राग मानू नका.

प्रश्न: मी राजापूर तालुक्यातला, वय 44. आमच्याकडे सगळा उलटा कारभार होता बघा. मे महिन्यात चाकरमानी मुंबईहून गावाला यायचे आणि मला मात्र बोरिवलीला मामाकडे धाडायचे, कारण आई म्हणायची घरात आधीच पंगत बसतेय, एक तोंड कमी झालं तर बरं. एसटीच्या रातराणीने जायचो, रात्रभर कशेडी घाटात माझी तब्येत काय व्हायची ते सांगत नाही. मामा एक दिवस एस्सेलवर्ल्डला न्यायचाच. गोराईच्या खाडीतली लाँच, दोन्हीकडे तिवरांची झाडं, तो चिखलाचा वास, डिझेलचा वास, आणि आत बाहेरचं खायला नेऊ देत नाहीत म्हणून मामी जेट्टीवरच डबे उघडायची, सकाळी दहालाच बटाट्याची भाजी-चपाती आणि वर आम्हीच गावाहून नेलेले आंबे. मामा तिकिटाचे पैसे बनियनच्या आतल्या खिशातून काढायचा आणि दोनदा मोजायचा. आता पार्क बंद झालं. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला न्यायचं न्यायचं म्हणत राहूनच गेलं. बायको म्हणते घरातलं कोणी गेल्यासारखं तोंड काय करून बसलायस. तर विचारायचं होतं की एवढं वाईट का वाटतं, आणि आता त्याला कुठे नेऊ?

उत्तर: दादा, आधी एक गंमत सांगते. तुमचं पूर्ण पत्र दोन पानी आहे आणि त्यात राइडचं नाव बरोब्बर एकदा येतं, तेही चुकीच्या स्पेलिंगसकट. बाकी सगळी लाँच, चिखल, मामी, डबा आणि मामाचा खिसा. म्हणजे वाईट कशाचं वाटतंय ते तुम्हीच लिहून पाठवलंय, मी फक्त पोस्टमन.

पण पार्काबद्दलही बोलू, कारण असं लिहिणारे तुम्ही एकटे नाही, निम्मी पत्रं त्याच्यावरच आहेत. एस्सेलवर्ल्ड 1989 साली सुरू झालं. आपल्या देशात तेव्हा ही गोष्टच नवी होती. दिल्लीत अप्पू घर 1984 च्या नोव्हेंबरात उघडलं होतं, 1982 च्या एशियाडच्या त्या हत्तीच्या नावाने, आणि तेही 2008 ला बंद झालं, त्यामुळे तुमच्या वयाचे दिल्लीवालेही असंच तोंड करून बसलेले असतात. जगात बघितलं तर कोपनहेगनचं तिवोली 1843 पासून आजपर्यंत चालू आहे, आणि न्यूयॉर्कमध्ये कोनी आयलंडला ड्रीमलँड नावाचं भलंमोठं पार्क 1904 ला उघडलं ते 1911 च्या मे महिन्यात, सीझन सुरू व्हायच्या आदल्या रात्री, आगीत खाक झालं. सात वर्षं फक्त. या धंद्याचं असंच आहे, मशिनं सतत तपासायची, दर काही वर्षांनी नवीन काहीतरी आणायचं नाहीतर पोरं येत नाहीत, पावसाळ्यात गर्दी आटणार, आणि ज्या ओसाड जागेवर पार्क उभं राहतं त्या जागेचा भाव पुढे पार्काच्या कमाईपेक्षा जास्त होऊन बसतो. त्यात समुद्राकाठ असेल तर खारी हवा लोखंडाचं काय करते ते राजापूरच्या माणसाला मी काय सांगू, घराच्या ग्रिलला दर दोन वर्षांनी रंग काढताना कळतंच.

आणि एक बघा, गोराई, मनोरी, उत्तन ही कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन लोकांची गावं, खाडी, खाजण, सुकत घातलेले बोंबील, म्हणजे उत्तर कोकणच की ते. तुम्ही कोकणातून निघून कोकणातच उतरायचात, मधे फक्त मुंबई लागायची. तरी तुम्हाला ते परदेश वाटायचं आणि तुमच्या मामेभावाला तुमच्याकडचा पऱ्ह्या, म्हणजे ओढा, परदेश वाटत असणार.

1998 हे साल तुमच्या पिढीने लक्षात ठेवायला हवं खरं तर. त्या वर्षी शेजारी वॉटर किंगडम सुरू झालं आणि त्याच वर्षी 26 जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण लांबीची चालू झाली. म्हणजे ज्या वर्षी पाण्यात खेळायची सोय झाली त्याच वर्षी रात्रभर ओकत जायची गरज संपली. तुम्ही तेव्हा सतरा-अठराचे, म्हणजे नेमके सुट्टीत मामाकडे जायचं बंद व्हायचं वय! एस्सेलवर्ल्ड बंद झालं तरी वॉटर किंगडम चालू राहिलं, आणि जवळच ग्लोबल विपश्यना पॅगोडा आहे, 2009 च्या फेब्रुवारीत उद्घाटन झालेला, आत एकही खांब नाही आणि आठ हजार माणसं ध्यानाला बसतील एवढा घुमट. जिथे आपण घसा फाटेस्तोवर ओरडायचो त्याच्या शेजारी आता लोक तोंड मिटून बसतात.

आता मुलाचं. तुमच्या मामाबद्दल पत्रात सगळं भूतकाळात आहे, पण ते आहेत की नाहीत ते लिहिलं नाहीत. असतील तर पहिलं काम, मुलाला घेऊन मामांकडे जा. मामांना घेऊन गोराईची लाँच पकडा, पॅगोडा बघा, आणि जेट्टीवर डबा खा, मामीचा नसला तर बाहेरून आणलेला. मामा नसतील तर आपल्या जिल्ह्यातलीच फेरीबोट घ्या, जयगड-तवसाळ घ्या किंवा दाभोळ-धोपावे घ्या, गाडीसकट बोटीत चढायचं आणि पुढच्या कठड्याला धरून उभं राहायचं, नऊ वर्षांच्या पोराला एवढं पुरतं. मोठ्या राइड्सच हव्या असतील तर खोपोलीचं इमॅजिका आहे, 2013 पासून, आणि रायगड जिल्ह्यात असल्यामुळे सरकारी हिशोबाने तेही कोकण विभागातच बसतं. फक्त एक विनंती, तिथे जाऊन त्याला "आमच्या वेळी असं नव्हतं, आमच्या वेळी तसं होतं" हे चालू करू नका. तो तिथे तुमची आठवण बघायला आलेला नाही. त्याला कशात मजा येईल ते सांगता येत नाही, कदाचित पार्किंगमधल्या कुत्र्यात येईल, येऊ दे.

आणि पैसे मोजायचेच असतील तर त्याच्यासमोर, नोटांनी, दोनदा मोजा. यूपीआय राहू दे त्या दिवशी.

प्रश्न: मी चिपळूणची, शिक्षिका आहे. लहानपणी आकाशपाळण्यात दहा वेळा बसायचे, आता मुलीबरोबर एकदा बसले तर खाली येताना पोटात एवढा गोळा आला आणि नंतर तासभर गरगरत होतं. हे वयाचं आहे की पाळणाच बिघडलेला होता? आणि तो गोळा म्हणजे नक्की काय असतं?

उत्तर: ताई, पाळणा बिचारा ठीक असणार. वर जाऊन खाली यायला लागतो तेव्हा तुमच्याखालची सीट तुमच्यापासून पळते आहे असं समजा. एरवी सीट तुम्हाला खालून जेवढी ढकलून धरते तेवढी त्या क्षणी धरत नाही. आपली जठर-आतडी पोटात घट्ट स्क्रू मारून बसवलेली नसतात, जरा सैल लटकलेली असतात, तीही त्या क्षणाला हलकी होऊन वर सरकल्यासारखी होतात आणि मेंदूला कळतं की काहीतरी गडबड आहे. तोच गोळा. आपल्याकडचे जत्रेतले पाळणे छोटे पण जोरात फिरवतात, म्हणून तिथे गोळा जास्त येतो, उलट ती परदेशातली भली मोठी चक्रं इतकी सावकाश फिरतात की आत बसून माणसं चहा पितात.

गरगरण्याचं कारण कानात आहे. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण आणि पाण्याने भरलेल्या नळ्या असतात, त्यावरून शरीराला कळतं आपण कुठे कलतोय. कान एक सांगतो, डोळे दुसरं सांगतात, आणि मधल्या मधे पोट ढवळतं. वरच्या दादांना कशेडीत जे व्हायचं तेही हेच (आता तिथे बोगदा झालाय, पुढच्या पिढीला ती मजा नाही). वय वाढतं तसा हा कानाचा बॅलन्स जरा सुस्तावतो, म्हणून चाळिशीनंतर पुष्कळांना पाळणा सोसत नाही. भरल्या पोटी बसू नका, उपाशीही बसू नका, पायांकडे न बघता लांब कुठेतरी एका जागी नजर ठेवा. मी स्वतः डोळे गच्च मिटून बसणाऱ्यांतली आहे आणि त्याने लांब बघण्याइतका फायदा होत नाही हे माहीत असूनही मिटते, त्यामुळे फार उपदेश करत नाही. पण चक्कर घरी आल्यावरही येत राहिली, किंवा बिछान्यात कूस बदलताना आली, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: मूळ मालवणचा, आता परळला मुलाकडे असतो. वय 71. आमच्या लहानपणी कुठली आलीत इलेक्ट्रिक मशिनं! जत्रेत लाकडी पाळणा, चार डबे, आणि दोन माणसं हाताने फिरवायची. माझी आजी खालून ओरडायची, "खाली बघू नको रे झिला, वर बघ!" मे महिन्यात मुंबईची भावंडं यायची त्यांना या पाळण्याच्या गजाली सांगायचो तर ती विश्वास ठेवायची नाहीत, कारण जत्रा तर तेव्हा संपलेल्या असायच्या. नातू म्हणतो हा पाळणा अमेरिकेत शोधला. खरं काय?

उत्तर: काका, नातू अर्धा बरोबर आहे, म्हणजे त्याला अर्धंच आइस्क्रीम द्या.

अमेरिकेतला तो पाळणा म्हणजे 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातला. पॅरिसवाल्यांनी 1889 ला आयफेल टॉवर उभा करून ठेवला होता, त्याला तोडीस तोड काहीतरी पाहिजे म्हणून जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनियरने 264 फूट उंचीचं पोलादी चक्र बांधलं. 36 डबे, एकेका डब्यात 60 माणसं, म्हणजे एका वेळी 2160 माणसं हवेत. आपल्या आख्ख्या वाडीची दोन-तीन वर्षांची जत्रा एका फेरीत बसली असती. तिकीट 50 सेंट, आणि दोन फेऱ्यांना वीस मिनिटं लागायची. त्याच्यावरून इंग्रजीत त्याला फेरिस व्हील म्हणायला लागले. फेरिस बिचारा 1896 ला, चाळिशीच्या आतच वारला आणि ते चक्र 1906 ला सुरुंग लावून पाडलं.

पण तुमचा लाकडी पाळणा याच्या कितीतरी आधीचा. पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी 1620 मध्ये तुर्की राज्यातून, आजच्या बल्गेरियातून, चालला होता, त्याने तिथल्या सणाच्या जत्रेत माणसांना बसवून हाताने फिरवायचं लाकडी चक्र बघितलं आणि लिहून ठेवलं. म्हणजे फेरिसच्या पावणेतीनशे वर्षं आधी. आपल्याकडेही हाताने ढकलायचे पाळणे अजून पूर्ण गेलेले नाहीत, छोट्या जत्रांत दिसतात. त्यातली बघण्यासारखी गोष्ट पाळण्यापेक्षा तो फिरवणारा माणूस. खालचा डबा येतो तसा दोन्ही हातांनी वर झोकतो, लगेच मागे सरकतो, पुढचा डबा कानाजवळून जातो, पुन्हा झोकतो. मोठ्या चक्राला तर पोरं आऱ्यांवर चढून वरपर्यंत जातात आणि एका बाजूच्या दांडीला लोंबकळून स्वतःच्या वजनाने चक्र खाली आणतात, जमिनीजवळ आलं की उडी, की परत वर. ना मोटर ना जनरेटर. बघताना आपल्याच पोटात गोळा येतो.

आणि तुमच्या भावंडांचंही चुकलं नाही. आपल्याकडे जत्रांचा सीझन कार्तिकात सुरू होतो आणि शिमग्यापर्यंत आटपतो. कुणकेश्वरची महाशिवरात्रीला. आंगणेवाडीची तर तारीख पंचांगातसुद्धा सापडत नाही, देवीचा कौल होईल तेव्हा, आणि तारीख जाहीर झाल्या झाल्या गाड्या फुल. मे महिन्यात येणाऱ्याला आंबे, फणस, करवंदं, रतांबे सगळं मिळतं, पाळणा तेवढा मिळत नाही. आता शहरांत मैदानावर उन्हाळी फनफेअर लागतात, ब्रेकडान्स, टोराटोरा, ड्रॅगन, सगळं असतं, पण खाजा नसतो आणि रात्री दशावतार नसतो, मग ती जत्रा कसली, असं माझं आपलं मत.

प्रश्न: मी आठवीत आहे, गुहागर. मौत का कुआंमध्ये बाइक भिंतीवरून खाली का पडत नाही? सरांना विचारलं तर म्हणाले परीक्षेला येत नाही.

उत्तर: परीक्षेला येत नसलं तरी ऐक. बाइक गोल फिरत असते, आणि गोल फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला सारखी सरळ जायची घाई असते. ती सरळ जाऊ बघते, भिंत तिला आत वळवते, म्हणून टायर भिंतीवर जोरात दाबला जातो. जेवढा दाब जास्त तेवढं रबर आणि लाकडी फळी यांच्यातलं घर्षण जास्त, आणि ते घर्षण बाइकला वर धरून ठेवतं. विहीर दहा मीटर व्यासाची धरली आणि पकड चांगली असली तर हिशोबाने ताशी साधारण 30 ते 35 किलोमीटरच्या पुढे वेग लागतो. म्हणजे भन्नाट वेग नाहीये तो, आवाज भन्नाट असतो. चालवणाऱ्याला मात्र स्वतःचं वजन जवळपास दुप्पट वाटतं. वेग कमी झाला की दाब कमी, पकड कमी, खाली. म्हणून सुरुवातीला खालच्या तिरक्या फळ्यांवर गोल फिरून वेग घेतात आणि मगच उभ्या भिंतीवर चढतात, उतरतानाही तसंच. सायकल घेऊन घराच्या विहिरीत प्रयोग करू नकोस. सरांना माझा नमस्कार सांग.

प्रश्न: देवरुखहून लिहितेय. आमच्या इथे मैदानावर पाळणे लागलेत. मुलगी सात वर्षांची, हट्ट करतेय. सासूबाई म्हणतात आम्ही नाही का बसलो, काही होत नाही. मला भीती वाटते. बसवू का?

उत्तर: सासूबाई बसल्या तो पाळणा माणसाच्या ताकदीने फिरायचा, हा मोटरने फिरतो, एवढा फरक त्यांना गोड बोलून सांगा. बंदी नको, पण तिकीट काढायच्या आधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. चालवणारा फेरी सुरू करायच्या आधी प्रत्येक डब्याची कडी आणि पिन हाताने ओढून बघतो का, की लांबूनच शिट्टी मारतो? पिनच्या जागी तार किंवा दोरी बांधलेली दिसली तर तिथूनच मागे फिरा. खालचे पाय जमिनीवर पक्के आहेत का, लाकडी ठोकळे एकावर एक रचून उंची जुळवलीय आणि फिरताना ते हलतायत असं आहे का. जनरेटरच्या वायरी लोकांच्या पायाखाली, चिखलात आहेत का. वळीव पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी नाहीच, जमीन भुसभुशीत होते. चालवणारा प्यायलेला वाटला तर हट्ट काय, रडू दे खुशाल.

मुलीचे केस घट्ट वर बांधा, ओढणी-स्कार्फ काढून तुमच्याकडे ठेवा, केस आणि कपडा अडकून होणारे अपघात फार वाईट असतात. उंचीची अट लिहिलेली असेल तर "बसवा हो, जवळच आलीय चार फुटाला" असं करू नका, ती अट दांडी कुठे अडते त्यावर ठरलेली असते. आणि मोठ्या राइडला तिला एकटीला बसवू नका. हे सगळं ठीक दिसलं तर बसवा आणि तुम्हीही बसा. सासूबाईंनाही विचारा, मला वाटतं त्या हो म्हणतील.

प्रश्न: वेंगुर्ल्याहून. आमच्याकडे 90 सालानंतरचे मुंबईचे, पार्कातले, राणीच्या बागेतले फोटो जुन्या अल्बममध्ये आहेत, तो चिकट पानांचा, वर प्लास्टिक असलेला अल्बम. काढायला गेलं तर फोटो फाटतात. काहींवर पांढरे ठिपके आलेत आणि सगळ्यांचे चेहरे लालसर झालेत. काय करावं?

उत्तर: ओढू नका! पहिलं काम, प्लास्टिक अलगद उचलून फोटो अल्बममध्येच असताना मोबाइलने काढून घ्या, दिवसाउजेडी खिडकीजवळ, थेट ऊन नको आणि फ्लॅश नको. निदान काहीतरी हातात राहील. मग दात साफ करायचा रेशमासारखा दोरा मिळतो मेडिकलमध्ये, साधा, बिनमेणाचा घ्या, तो फोटोच्या कोपऱ्याखाली घालून करवत चालवल्यासारखा हळूहळू पुढे न्या. गोंद फार धरून बसला असेल तर तो फोटो तसाच ठेवा, पान कापून ठेवलंत तरी चालेल. पाणी, थिनर, स्पिरिट काहीही लावू नका.

पांढरे ठिपके म्हणजे बुरशी, आपल्या हवेत येणारच. तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झटका. कडक उन्हात वाळत घालायचा मोह होईल, तो आवरा, रंग आणखी उडतील. लालसरपणा मूळ फोटोत परत दुरुस्त होत नाही, त्या काळच्या प्रिंटमधले रंग सारखे टिकले नाहीत, पण मोबाइलवरच्या कॉपीत रंग पुष्कळ सुधारता येतो, घरातल्या कॉलेजच्या मुलाला सांगा. नंतर फोटो साध्या कागदी पाकिटांत, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा, आणि तो डबा पावसाची ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीच्या कपाटात नको, आतल्या खोलीत, जमिनीपासून वर. पुड्या पावसाळा संपला की बदला. लॅमिनेशन अजिबात नको.

मागे नावं लिहून ठेवा, कोण कुठे कधी, मऊ पेन्सिलने आणि दाब न देता, बॉलपेनचे वळ पुढच्या बाजूने चेहऱ्यावर उमटतात. मागचा कागद गुळगुळीत असेल आणि पेन्सिल उठत नसेल तर पाकिटावर लिहा. आणि हे काम घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून करा, कारण तो तिसऱ्या रांगेतला चष्मेवाला कोण हे फक्त त्यांनाच माहीत असतं.